ओतिलिया वळणावर उभी राहते

सकाळपासून झेल्मीराला एकच घोर लागला होता, आणि ज्या बाईचा घोर लागला होता ती बाई तिला डोळ्यांसमोर नको असायची.

पोटची पोर रादका माडीवर तापाने पडली होती. तिची काळजी वाटली असती तर ते रीतीला धरून झालं असतं. पण औषध पोटात गेलं होतं, घाम फुटून ताप उतरत होता, पोरगी गाढ झोपली होती. आणि झेल्मीरा बटाटे सोलता सोलता खिडकीतून तात्रा डोंगराच्या शिखराकडे बघत होती. शिखरावर अजून ऊन होतं. ऊन आहे तोवर ओतिलिया घरात असते. ऊन ढळलं की ती वळणावर येऊन उभी राहते.

झाडं संपतात त्याच्याही वर, डोंगर चढणाऱ्यांसाठी एक दगडी घर आहे. गावात त्याला नुसतं वरचं घर म्हणतात. गाडी तिथे पोचत नाही. पीठ, बटाटे, कोळसा, बिअरची पिंपं, सगळं हमालांच्या पाठीवरच्या लाकडी चौकटीवरून चढतं, हिवाळ्यातही. ओतिलिया तरुणपणी तिथे भांडी घासायला गेली ती खाली उतरलीच नाही. भांड्यांवरून चुलीपाशी, चुलीपासून ओझ्यापाशी आणि गुडघे गेल्यावर किल्ल्यांपाशी, असा तिचा सगळा जन्म त्या एका घरात गेला. लग्न नाही, मूल नाही. येणाऱ्या जाणाऱ्याला ती शिव्या घालते आणि वाढते. तिच्या आंबट कोबीच्या सुपासाठी पोलंडकडची माणसं डोंगर ओलांडून येतात. झेल्मीराने ते एकदा चाखलं होतं. तिच्या मते मीठ जास्त होतं.

वळणाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे. एका हिवाळ्यात ओतिलिया चुलीशी सूप ढवळत एका हमालाची वाट बघत होती. तो घराच्या खाली, हाकेच्या अंतरावर, जरा दम खायला बसला. अशा थंडीत बसणं म्हणजे संपणं. आधी बोटं दुखतात, मग दुखणं थांबतं, मग छान ऊब येते आणि माणूस झोपतो. तो सकाळी सापडला, ओझं पाठीवर तसंच. तेव्हापासून हमाल यायचा असेल त्या दिवशी ती चहाची बाटली घेऊन वाटेच्या वळणापर्यंत उतरते. शेवटच्या खुरट्या पाइनच्या झाडापाशी हमालाने हाळी द्यायची, तिने वरून ओ द्यायची. माणूस आल्याशिवाय ती परत फिरत नाही आणि स्वतःही बसत नाही. यायचं नसेल तर खालून फोन करायचा, हा तिचा नियम. फोन नाही याचा अर्थ माणूस वाटेला लागला.

रादका दंतवैद्यकीचं शिक्षण अर्धवट टाकून हमाल झाली, तेव्हा झेल्मीराने ओझ्याला दोष दिला नाही, ओतिलियाला दिला. पहिल्या हिवाळ्यात ती रोज वर फोन करायची. ओतिलिया नावही विचारायची नाही. "पोचली, जेवली, झोपली," एवढं बोलून फोन ठेवायची. एक दिवस मात्र म्हणाली, "काळजी करू नकोस गं, माझी चिमणी आज सगळ्यांच्या आधी पोचली."

माझी चिमणी. झेल्मीराने त्यानंतर फोन केला नाही. सवतीमत्सर नवऱ्यावरून होतो असं ती ऐकून होती. पोरीवरूनही होतो हे तिला त्या दिवशी कळलं. मग तिला सगळीकडे ओतिलिया दिसू लागली. रादका मोजे आतून बाहेर उलटे घालते, कुणी शिकवलं? ओतिलिया मावशीने. ब्रेडचा तुकडा रात्री खिशात ठेवून झोपते, कुणाची सवय? मावशीची. आईने विणलेली टोपी खुंटीला आणि मावशीचा विटका रुमाल गळ्यात.

आज पहाटे तापाने बसलेल्या आवाजात रादका म्हणाली होती, "आई, मावशीला फोन कर. आज येत नाही म्हणून सांग."

"करते," झेल्मीरा म्हणाली आणि चहा करून घेऊन गेली. रादकाने एक घोट घेतला, पेला बाजूला ठेवला. "मावशी ह्यात काहीतरी घालते," असं पुटपुटली आणि कुशीवर वळली. झेल्मीराने पेला उचलला. पोरीची झोप मोडू नये म्हणून तिचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. निदान स्वतःला तिने तसंच सांगितलं. खाली येऊन बटाटे सोलायला घेतले. लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त बटाटे सोलून झाले होते.

दुपारी शेजारचा सिप्रियान काका ट्रे परत द्यायला आला. जन्मभर ओझी वाहिलेला माणूस, पाठ अजून चौकटीच्या आकाराची. दारातच बूट आपटत म्हणाला, आज थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते आहे, पोरगी गेली की काय वर? झेल्मीराने तापाचं सांगितलं.

"मग म्हातारीला कळवलंस ना?"

"कळवते."

"कळवते नको. कळवलं म्हण." त्याने बटाट्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "मागे माझा पुतण्या विसरला, तर ती काळोखापर्यंत उभी होती. कान सुजले तिचे आणि शिव्या खाल्ल्या मी."

झेल्मीराने आणखी एक बटाटा सोलायला घेतला.

"तुझ्या पोटात कशानं दुखतं ते मला ठाऊक आहे," तो टोपी चढवत म्हणाला. "पण भांडायलासुद्धा समोर माणूस लागतं, बाई. ती गोठली तर तू जळणार कुणावर?"

तो गेला. खिडकीतून पाहिलं तर शिखराचा डावा खांदा निळा पडला होता. झेल्मीराला मनातल्या मनात ओतिलिया दिसली. गुडघ्यांत वाकलेली, बाटली कोटाच्या आत छातीशी धरलेली, बसायचं नाही म्हणून या पायावरून त्या पायावर भार देणारी. शेवटच्या पाइनकडे कान लावून उभी. हाळी येणार नाही. आणि ती चहाची बाटली रादकासाठी असणार, हा विचार तिला थंडीच्या विचाराइतकाच झोंबला.

वळणावर फोन लागत नाही. एकदा ती घराबाहेर पडली की पडली.

झेल्मीराने हात पुसले. नंबर शोधावा लागला नाही. पहिल्या हिवाळ्याने तो बोटांत बसवला होता. काय बोलायचं ते तिने मनाशी घोळवलं. माझी मुलगी आज येणार नाही, असं म्हणायचं. माझी या शब्दावर जरा थांबायचं. मग ती चहात काय घालते ते विचारायचं, पण असं, की जणू सहज, जणू गरज नाही.

शिखराच्या टोकावर बोटभर ऊन उरलं होतं. तिने फोन उचलला.