शेवटच्या कडव्यातलं गाव

सरिताबाई थूल यांचा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. भाजीवालीनं मेथी ताजी आहे म्हटलं, तरी त्या जुडी सोडवून आतल्या काड्या बघतात. नालवाडीतले लोक हसतात. पण हा स्वभाव काही जन्माचा नाही, तो आष्टीहून आलेला आहे.

चोवीस वर्षांपूर्वी थूल गायन पार्टीचा अख्ख्या जिल्ह्यात बोलबाला होता. नवरा हरिदास ढोलकीवर, जोडीला डफ, आणि वरून गिटार नि ड्रमसेट. जात्यावरच्या ओव्या आणि भीमगीतं सरिताबाई अशा दणक्यात गायच्या की म्हातारेसुद्धा सतरंजीवरून उठायचे. शेवटचं कडवं वरच्या पट्टीत चढायचं. ज्या गावात कार्यक्रम, त्या गावाचं नाव त्यात गुंफायचं, हा त्यांचा रिवाज. आपलं नाव ऐकलं की गाव खूश व्हायचं.

आष्टीत मात्र गाव भडकलं. बाईंनी कडव्यात आष्टी म्हटलं आणि लोकांना भोंग्यातून ऐकू आलं नाचणगाव, भलत्याच गावाचं नाव. ही तर कॅसेट लावून नुसतं तोंड हलवते, असा गलका झाला. भोंगे लोकांकडे तोंड करून, पाठीशी ड्रम धडधडतोय. बाईंना स्वतःचा आवाज कुठून ऐकू येणार? आपण आष्टीच म्हटलं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग हे काम कमलाचंच, असं त्यांनी मनाशी धरलं. कमला म्हणजे समोरच्या पार्टीची गायिका. तिनंच माणसं पेरली आणि बोंब ठोकायला लावली. त्या दिवसापासून गाणं बंद. पुढे तो गळा राबला तो अंगणवाडीत, लेकरांना बडबडगीतं शिकवण्यात. कमला एकदा मयताला समोर आली, तर बाईंनी तोंड फिरवलं.

यंदा बाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आणि नागपूरहून विवेक नावाचा गिटारवाला दारात येऊन उभा राहिला. तुमची गाणी पुन्हा लोकांसमोर आणायची आहेत, म्हणाला. बाईंनी चहा दिला, उत्तर दिलं नाही. ह्याला काय पडलंय माझ्या गाण्याचं? तिसऱ्या खेपेला त्या कबूल झाल्या, तेही एका अटीवर. स्टेजवर जे वाजेल ते वाजेल, पण आवाज फक्त माझ्या गळ्यातून येईल. चिरकला तर चिरकला. आपण खऱ्या होतो हे एकदा चारचौघांत दिसावं, एवढीच त्यांची हौस होती. ती पुरी झाल्याशिवाय मरायचीसुद्धा त्यांची तयारी नव्हती.

तालमी सुरू झाल्या आणि बाईंचा डोळा विवेकच्या लॅपटॉपवर खिळला. त्या जवळ गेल्या की तो झाकण लावी. एकदा तो आणि हरिदास जिन्याखाली कुजबुजताना दिसले. बाईंनी घरी विषय काढला, हा पोरगा काहीतरी लपवतोय म्हणाल्या. हरिदास ढोलकीची दोरी ओढत म्हणाले, तुला सावलीचाही संशय येतो. बाईंना वाटलं, नवरा भोळा आहे, त्याला हा पोरगा गुंडाळतोय.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी नालवाडीच्या मैदानावर साउंडची चाचणी होती. बाईंनी त्याआधीच बेत ठरवला होता. शेवटचं कडवं आलं तशा त्या बिनवायरचा माइक घेऊन गात गात पायऱ्या उतरल्या आणि थेट मोठ्या स्पीकरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तोंडानं म्हणाल्या, नालवाडी. स्पीकर म्हणाला, नाचणगाव.

बाई वाघिणीसारख्या विवेकवर धावल्या. तो पांढराफटक पडला. संध्याकाळपर्यंत गावाचं नाव कापणार होतो, असं भलतंच त्याच्या तोंडून निघालं. आणि मग तो म्हणाला, "काकू, कॅसेट काकांनीच दिली."

नाचणगावच्या कार्यक्रमाची एकच कॅसेट होती. ती घरच्या कपाटात, हरिदासांच्या कुलपात. त्या स्टेजच्या कडेला टेकल्या. म्हणजे आष्टीलाही हीच.

हरिदास ढोलकी मांडीवरून उतरवून खाली मान घालून बसले होते.

"त्या दिवशी तुह्या गळ्याले सूज होती," ते म्हणाले. "पाणी उतरत नव्हतं. वरची पट्टी लागली नसती, लोक हसले असते. म्हणून तेवढ्या कडव्यापुरती कॅसेट माइकवाल्याजवळ देल्ली. गावाच्या नावाचं ध्यानातच नाई राह्यलं."

"मंग चोवीस वर्षं काऊन नाई बोलले?"

"तू गाणं सोडलं. मंग कोणत्या तोंडानं सांगू?"

बाई उठून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"आन आज? आज तं गळ्याले सूज नाई."

बाईंना रडू आलं नाही, संताप आला. साऱ्या जगाच्या जुड्या सोडवून पाहिल्या, आणि घरातली तेवढी तशीच राहिली.

संध्याकाळी मैदान भरलं. लॅपटॉप बाईंनी स्वतःच्या पिशवीत घालून ती खांद्याला अडकवली होती, तशाच त्या गायल्या. आवाज जाड झाला होता, दोनदा फाटला. कोणी हसलं नाही. शेवटच्या कडव्याआधी त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"आष्टीचे लोक खरं बोलले होते," त्या माइकवर म्हणाल्या. "त्या दिवशी कॅसेटच होती. मले मालूम नव्हतं, आज झालं. अन् कमलाताई जिथं असन, तिले माहा जयभीम सांगजा."

मग त्यांनी कडवं उचललं आणि वरची पट्टी गाठली, थोडी खालून, पण गाठली. नालवाडीचं नाव यायचं तिथे त्या आष्टी म्हणाल्या. लोक एकमेकांकडे बघू लागले. मागे हरिदासांचा हात ढोलकीवर थांबला तो थांबलाच. विवेकनं गिटारवर ठेका सांभाळला. बाईंनी वळून पाहिलं नाही. कडवं ढोलकीशिवाय पुरं झालं.