लिटरला बावीस

पुंजाराम खोटं बोलायचा नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. आपली पिकअप लिटरला बावीस किलोमीटर देती, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या काठीनं मोजलेलं होतं. आता मोजून काढलेल्या आकड्याला खोटं कसं म्हणायचं?

गाडी सत्त्याण्णव सालची. म्हणजे त्या साली ती एकत्र आली. तोंड जुन्या जीपचं, हौदा टेम्पोचा, आणि डिझेलचं इंजिन मालेगावच्या भंगारातून आणलेलं. ते आधी कशात होतं हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. चाकं मात्र चार होती, दोन एका घरची आणि दोन दुसऱ्या घरची. पिंपळगाव बसवंतच्या गॅरेजवाल्यानं तीन महिने खपून हे लग्न लावलं. गाडी गावात आली, तेव्हा म्हाताऱ्या फिरून फिरून बघत होत्या, आणि पोरांनी त्याच दिवशी तिचं बारसं केलं. हायब्रीड.

पुंजारामला ह्या नावाचा राग नव्हता. उलट, हायब्रीडचा उतारा जास्त येतो, तसंच माझ्या गाडीचं, असं तो म्हणायचा. हायब्रीडला खत-पाणीही दुप्पट लागतं, हे इतकी वर्षं बाजरी पेरून त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

ह्या गाडीपायी साळूबाईच्या दोन म्हशी गेल्या. साळूबाई म्हणजे पुंजारामची बायको, कळवणकडची. त्यातली एक म्हैस तर तिच्या माहेरच्या म्हशीच्या पोटची. म्हशी दावणीवरून सुटल्या त्या दिवशी बाई काही बोलली नाही. नंतरची पाच वर्षंही फारसं बोलली नाही. फक्त सकाळी नवऱ्यापुढं चहाची कपबशी ठेवताना म्हणायची, "पिशवीच्या दुधाचा हाय." रोज. न चुकता. आता हे ज्याला कळायचं त्याला कळतं, पण पुंजाराम बशीत चहा ओतून फुंकर मारायचा आणि बावीसचं सांगायला सुरुवात करायचा.

डिझेल वाचवायचं त्याचं शास्त्र मोठं होतं. उतार लागला की तो इंजिन बंद करायचा आणि गाडी देवावर सोडायचा. हॉर्न वाजवायचा नाही, त्यानंही डिझेल जातं म्हणायचा. म्हणून खिडकीतून हात काढून दरवाजा बडवायचा आणि वर 'ए बाबा, सरक' असं ओरडायचा, त्याला भाकर लागते, डिझेल लागत नाही. चढ लागला की गाडी आपोआप हळू व्हायची, पुंजाराम मान वळवून मागं बघायचा, आणि हौद्यात बसलेले लोक आपणहून खाली उतरून ढकलायला लागायचे. त्याच्या गाडीत माणूस हा माल नव्हताच. तो इंजिनाचा भाग होता. पुढं पेपरात आलं, की परदेशात म्हणे पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन जोरांवर चालणाऱ्या गाड्या निघाल्या. निघू द्या. आमच्याकडं त्याच्या कितीतरी आधी दोन जोरांची गाडी धावत होती. एक डिझेल, दुसरा शेजारी.

मोजायची काठी बांबूची होती. एकेक लिटर टाकीत ओतून त्यानं तिच्यावर चाकूनं खुणा केलेल्या. घर टेकाडावर, रस्ता खाली, अंगण पुढं कललेलं. सकाळी माल भरला की रस्त्याकडं, म्हणजे उताराकडं, तोंड करून गाडी उभी असायची. तेव्हा पहिली काठी बुडवायची. नाशिकचा बाजार करून आला की गाडी तशीच टेकाडावर चढवून, घराकडं तोंड करून लावायची, आणि दुसरी काठी बुडवायची. मीटर कधीच बंद पडलेला, म्हणून अंतर मैलाच्या दगडांवरून. दगड खरे, काठी खरी, माणूस खरा. आकडा बावीस.

हे असंच चाललं असतं, पण दोन हजार दोन साली गावातल्या पंधरा भाजीवाल्यांनी एक विचार काढला. फ्लॉवर, कोबी, टमाट्याचा माल रोज नाशिकला न्यायचा, तर ज्यानं त्यानं पहाटे टेम्पो शोधत बसण्यापेक्षा हंगामभर एकच गाडी बांधून घ्यावी. गाडीवाल्याला खेपेचं ठरलेलं, आणि डिझेल सगळ्यांनी मिळून टाकायचं. डिझेल आपल्या गळ्यात आलं म्हटल्यावर जो तो ॲव्हरेजचं विचारायला लागला. एरवी पुंजारामच्या बावीसला माना डोलावणारे लोक आता त्या बावीसकडं निरखून बघू लागले.

ह्या वर्दीला, म्हणजे हंगामाच्या बांधील भाड्याला, दोन गाड्या होत्या. एक पुंजारामची. दुसरी कुंदनची, नवी कोरी, कंपनीची पिकअप. कुंदन लग्न होऊन दोन लेकरांचा बाप झालेला, पण गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक काढायला अजून त्याचं मन होत नव्हतं. त्याच्याकडं कंपनीचा गुळगुळीत कागद होता आणि कागदावर छापलेलं होतं, लिटरला पंधरा. पुंजाराम कागद बघून हसला. माझ्याकडं कागद नाय, काठी हाय, म्हणाला.

त्या सांजेला साळूबाई पाच वर्षांत पहिल्यांदा चहापलीकडं बोलली. "वर्दी मिळाली तर गाडी ऱ्हाईल. नाय मिळाली तर गाडी जाईल आन् माझ्या म्हशी येतील." पुंजारामनं बिनधास्त हो म्हटलं. बावीसपुढं पंधरा, यात हरायचं काय होतं?

पारख करायचं काम रंगनाथनानांकडं आलं. नाना एस्टीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, तीस वर्षं बसगाड्यांखाली उताणे पडून काढलेली. त्यांना कागदही चालेना आणि काठीही. त्यांनी साधं ठरवलं. दोन्ही गाड्यांच्या टाक्या पिंपळगावच्या पंपावर तोंडापर्यंत भरायच्या, दोन्हीत कोबीची सारखीच पोती टाकायची, कळवणला जाऊन माल न उतरवता तसंच परत यायचं, आणि त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरायचं. जेवढं मावेल तेवढं जळालं. अंतर जाऊन-येऊन एकशेचार.

म्हणजे कोबी कळवणला फिरायला जाणार आणि फिरून घरी येणार. कोबीच्या जन्मात असं सुख पहिल्यांदाच.

कुंदन पुढं, पुंजाराम मागं. पुंजारामच्या केबिनीत नाना, आणि नानांच्या कडेला साळूबाई. माहेरी जाऊन येते म्हणून बसली. हौद्यात पोत्यांवर भाजीवाल्यांपैकी चौघं. वणीच्या पुढं पहिला चढ लागला, गाडी हळू झाली, पुंजारामनं सवयीनं मागं बघितलं, आणि चौघंही सवयीनं खाली उतरले. नानांनी गाडी थांबवायला लावली. त्यांनी शांतपणे विचारलं, की ह्या लोकांना डिझेलमध्ये धरायचं का मालात. चौघं पुन्हा वर चढले आणि चोरासारखे खाली बघत बसले. त्यातला एक मागाहून म्हणत होता, पुंजारामच्या गाडीत चढावर बसून राहायचं म्हणजे पंगतीत वाढायचं सोडून आधी जेवायला बसल्यासारखं वाटत होतं.

मग गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढली. उतारावर पुंजारामचा हात चावीकडं गेला, तर नानांनी तो धरला. म्हणाले, मला नातवंडं बघायचीत. आख्खा उतार पुंजाराम चालू इंजिनाकडं असा बघत होता, जसं काही घरातला नळ कुणी उघडा टाकलाय.

कळवणला साळूबाई भावाकडं जाऊन भाकर खाऊन आली. भावाच्या गोठ्यातल्या म्हशीही बघून आली. कशाला बघितल्या, हे पुंजारामनं विचारलं नाही.

परत पंपावर आले. कुंदनच्या टाकीत साडेनऊ लिटर मावलं. म्हणजे लिटरला अकराच्या जरा आत. पुंजारामच्या टाकीत नळी घातली, तर भरणारा भरतच राहिला. तेरा. नानांनी बोटांवर गणित केलं आणि सांगितलं, "पुंजाराम, आठ. पुरे आठ."

तोंड दोघांचंही उतरलं. कुंदनचे कागदावरचे चार किलोमीटर वाटेत कुठं सांडले, हे विचारायला तो दुसऱ्या दिवशी शोरूमला गेला. तिथं त्याला कळलं, की पंधरा हे रिकाम्या गाडीचं, सपाट रस्त्यावरचं, एका लयीत चालवलं तर, आणि समोर बैलगाडी, शेरडं, गतिरोधक असलं काही नसलं तर. असा रस्ता नाशिक जिल्ह्यात कोणत्या तालुक्यात आहे, तेवढं त्यांनी सांगितलं नाही. पण अकरा म्हणजे आठापेक्षा तीन जास्तच. वर्दी कुंदनला गेली.

पुंजाराम ऐकायला तयार नव्हता. पंपापेक्षा माझी काठी जुनी, म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत माल भरून, काठी बुडवून, एकटाच नाशिकला जाऊन आला. परत आल्यावर नानांना आणि त्या चौघांना बोलावून अंगणात उभं केलं. गाडी घराकडं तोंड करून उभी होती. त्यानं काठी बुडवून वर काढली आणि ओली खूण नानांच्या नाकापुढं धरली. बघा म्हणाला, बावीसला कमी असंल तर सांगा.

नानांनी काठी बघितली नाही. टाकीचं तोंड कुठं आहे ते बघितलं. ते टाकीच्या मागच्या अंगाला होतं. मग अंगण बघितलं. मग म्हणाले, गाडी वळव आणि सकाळी लावतोस तशी लाव. पुंजारामनं वळवली. पुन्हा काठी बुडवली. चांगलं चार बोटं डिझेल गायब.

सगळ्यांना हसायला जरा वेळ लागला. सकाळी तोंड खाली, तर डिझेल टाकीत पुढं पळायचं आणि काठीला कमी लागायचं. सांजेला तोंड वर, तर सगळं मागं येऊन काठीला भेटायचं. पाच वर्षं पुंजाराम गाडीचं नाही, अंगणाचं ॲव्हरेज मोजत होता. साळूबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. ती म्हणाली, "म्हैस कुठंबी तोंड करून बांधा. दूध तेवढंच देती." आणि आत जाऊन दावणीचे खुंटे हाताशी काढून ठेवले.

गाडी विकायला निघाली. पुंजारामला आता आपल्या बावीसची एवढी लाज वाटायला लागली, की त्यानं ठरवलं, गिऱ्हाइकाला खरं तेच सांगायचं. पहिलं गिऱ्हाईक येवल्याकडचं. किती देती विचारलं, पुंजारामनं आठ सांगितलं. त्यानं चहा पिला, पान खाल्लं आणि गेला तो गेलाच. दुसरा तर आठ ऐकून गाडीजवळही गेला नाही. पुंजारामला कळेना. वाळीत टाकलेल्या माणसासारखा ओट्यावर बसून राहिला.

त्याला कोण सांगणार, की आमच्या भागात ॲव्हरेज सांगणारा दुपटीनं सांगतो, ऐकणारा निमपटीनं ऐकतो, आणि गाडा बरोबर चालतो. त्यात कुणी कुणाला फसवत नाही. पण एखादा उपटसुंभ मध्येच खरं बोलला, तर ऐकणाऱ्यानं काय करायचं? त्यानं रिवाजाप्रमाणं निम्मं केलं. आठ म्हणतो म्हणजे चार देत असणार. चार देणारी गाडी घेण्यापेक्षा डिझेल सरळ शेतात ओतलेलं काय वाईट?

तिसरा आला तो पेठकडचा, फकिरा. नाचणी, वरईची पोती डोंगरातून खाली आणायला त्याला गाडी पाहिजे होती. दणकट माणूस, हौद्यावर दोन लाथा मारून बघितल्या आणि विचारलं, किती देती. पुंजारामनं खरं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून साळूबाई म्हणाली, "सतरा."

फकिरानं मान हलवली. म्हणाला, "जास्त सांगता, वहिनी."

"बरं, सोळा."

फकिरानं मनात आठ धरले आणि सौदा पटला. त्याच्याकडं रोकड नव्हती, दुभती म्हैस होती आणि तिच्या पोटची एक पारडी. साळूबाईला तेच पाहिजे होतं. ती स्वतः पेठला जाऊन म्हशीची कास, शिंगं, दात बघून आली. म्हैस किती देती, विचारलं. दिवसाला धा लिटर, फकिरा म्हणाला. साळूबाई म्हणाली, बरं.

म्हैस आली. पहिल्या दिवशी दोन्ही वेळचं मिळून पाच लिटर निघालं. पुंजाराम चरवी घेऊन अंगणात नाचायला लागला. आपल्याला लुटलं, फकिराला गाठतो, गाडी परत आणतो. साळूबाईनं दूध गाळून घेतलं आणि म्हणाली, "धा म्हणला म्हणजे पाचच. तुमच्या बावीसच्या मानानं लय सरळ माणूस हाय." मग घरच्या दुधाचा चहा केला आणि कपबशी त्याच्यापुढं ठेवली. पाच वर्षांत पहिल्यांदा तो चहा मुकाट आला.

पण पुंजारामची खरं बोलायची खोड काही गेली नाही. डेअरीवर कॅन घेऊन निघाला, की वाटेत कुणीतरी विचारणार, नवी म्हैस किती देती. हा पठ्ठ्या सांगणार, पाच. आठ दिवसांत गावभर झालं, की बिचाऱ्या पुंजारामच्या गळ्यात अडीच लिटरची म्हैस मारली. शेजारची कलाबाई कनवाळू. ती एका सांजेला सुपात शेरभर मेथ्या घेऊन आली. भिजवून चारा म्हणाली, दूध वाढंल. पुंजाराम तिला समजवायला लागला, की अहो वहिनी, अडीच नाय, खरंच पाच देती.

कलाबाईनं त्याच्याकडं फार मायेनं बघितलं.

साळूबाईनं सूप घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी बोलू नका. खाऊ द्या म्हशीला."