हुंगेकाकांचं नाक

आमच्या चाळीत कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की हुंगेकाकांना सोबत नेल्याशिवाय व्यवहार होत नसे. काका इंजिनाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मागचं दार उघडायचे, पायाखालची मॅट उचलायचे, गुडघे टेकून नाक पार खाली न्यायचे आणि लांब श्वास घ्यायचे. मग उठून पँट झटकत म्हणायचे, "हिंदमाताचं पाणी प्यायलीय. चला." पावसाळ्यात हिंदमाताच्या चौकात पाणी तुंबतं, त्यात गाड्या बुडतात आणि दिवाळीपर्यंत धुऊनपुसून नव्या नवरीसारख्या बाजारात उभ्या राहतात, हे आम्हा चिंचपोकळीकरांना सांगायला नको. पण त्या ओळखायच्या कशा, ते काकांनाच ठाऊक.

आडनाव त्यांचं पेडणेकर. विम्याच्या कचेरीत कारकून होते आणि बुडालेल्या गाड्यांच्या फायलींत त्यांची उभी नोकरी गेली. एका दलालाला वाटलं, हुंगे हेच आडनाव. तो आदराने "या, हुंगेसाहेब" म्हणाला आणि काकांनी त्याला दुरुस्त केलं नाही. आम्ही हसलो तर म्हणाले, "राहू दे गो. पेडणेकर काय, गल्लीत पाच आहेत."

स्वतः त्यांनी गाडी कधी घेतली नाही, पण मतं मात्र भरपूर. कुणी पेढे घेऊन आला की पेढा तोंडात टाकून पहिला प्रश्न, "लावणार कुठे?" जागा नसताना गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात आपली म्हैस बांधणं, असं त्यांचं म्हणणं. वरच्या मजल्यावरच्या सुन्याने छताला काच असलेली गाडी घेतली तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "वर बघायचंय काय रे तुला, कबुतरं?" किलोमीटरच्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ब्रेकच्या पॅडलचं रबर किती झिजलंय ते अंगठ्याने चाचपायचे. त्या कबुतरांवरून सुन्या महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही, हेही सांगायला हवं.

माझ्यावर गाडी घ्यायची वेळ आली ती बाबांमुळे. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला परळला न्यावं लागे. एवढ्या जवळच्या भाड्याला टॅक्सीवाले नाही म्हणत, आणि परतताना थकलेले बाबा माझ्या खांद्याला धरून फुटपाथवर उभे राहत. एकदा ते तिथेच खाली बसले. त्या दिवशी मी ठरवलं, गाडी घ्यायचीच, आणि तीही वाटेत दगा न देणारी.

करी रोडच्या एका गॅरेजात मला एक उंच, लाल गाडी आवडली. भाव बरा होता आणि दलाल घाईत होता. "मॅडम, दुसरी पार्टी निघालीय घरून. गाडी नही, घोडा है." मी काकांना घेऊन गेले. त्यांनी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघितला. बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर आत गाळाची रेघ राहते, पण हा पट्टा कोरा करकरीत होता. मॅट उचलली, वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले. दलाल हसत म्हणाला, "काय हुंगेसाहेब, पास ना?"

काका उठले. चेहरा उतरला होता. माझ्याकडे बघून, पण दलालालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "शिल्पे, मला वास येत नाही गो. कोविडपासून नाक गेलंय माझं. कुणाला बोललो नाही."

दोन वर्षं हा माणूस पट्टे ओढून, रबरं चाचपून निभावत होता. त्यांनी नुसतं "नको" म्हटलं असतं तरी मी ऐकलं असतं आणि त्यांची लाज राहिली असती. पण बाबांना त्या गाडीत बसायचं होतं आणि काकांना अंदाजावर बोलायचं नव्हतं.

"तू वाक," ते म्हणाले. मी वाकले. नुसता अत्तराचा घमघमाट. "डोळे मीट. तळमजल्यात पाणी शिरलं होतं तेव्हाच्या तुझ्या आईच्या गोधड्या आठव." मी डोळे मिटले, आणि अत्तराच्या खालून तो ओल्या गोधडीचा कुबट वास हळूहळू वर आला. मी उठून पँट झटकली आणि म्हणाले, "चला काका." दलालाने पुन्हा घोड्याचं नाव काढलं नाही.

महिन्याभराने आम्ही बुटकी, पांढरी गाडी घेतली. बाबांना पाय उचलावा लागू नये म्हणून बुटकी, हे काकांचंच मत. मॅटखाली मीच वाकले, काका बाजूला उभे राहून "घाई करू नकोस" म्हणत होते. बाबा त्या गाडीतून दीड वर्ष परळला गेले आणि ती एकदाही वाटेत थांबली नाही. बाबांचं ते शेवटचं दीड वर्ष निवांत गेलं ते काकांमुळे. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं तर म्हणाले, "मी काय केलं? नाक तुझं होतं."

गेल्या वर्षी काकाही गेले. परवा सुन्याला जुनी गाडी बघायची होती, तो मला घेऊन गेला. मी मॅट उचलून खाली वाकले तसा दलालाने सुन्याला हळूच विचारलं, "या कोण?" सुन्या म्हणाला, "हुंगेमॅडम."

मी दुरुस्त केलं नाही.