खापरकाकांची रजा

खापरकाकांना ऑफिसात कुणी नावानं हाक मारत नसे. एकवीस वर्षं नगरपालिकेच्या पुरातत्त्व विभागाच्या तळघरात बसून गृहस्थानं केलं काय, तर खापरांचे तुकडे धुतले, वाळवले, आणि प्रत्येक मूठभर तुकड्यांच्या पिशवीत एक चिठ्ठी घातली: कुठला खड्डा, किती खोल, कोणता थर. विभागाच्या प्रमुख बाई गावाबाहेरच्या टेकाडावर सोळा उन्हाळे खणत होत्या. त्या म्हणत, "काका, चिठ्ठी गेली की तुकडा मुका झाला बघा."

मग खर्चात कपात आली. विभाग बंद, बाई घरी. काकांना हुकूम झाला, "सोमवारपर्यंत सगळं जिन्याखालच्या खोलीत बसवा, नाहीतर कचऱ्याच्या गाडीत जाईल." आता ती खोली केवढी, तर धड पाय पसरता येऊ नयेत! काकांनी दोन दिवस आटापिटा केला. तिसऱ्या दिवशी पिशव्या फोडून तुकडे सरळ पोत्यांत ओतले आणि चिठ्ठ्या एका डब्यात नीट रचून ठेवल्या. एकही तुकडा फेकला नाही, असं घरी बायकोला ऐटीत सांगितलं.

"मग कुठली चिठ्ठी कशाची, ते कसं कळायचं?" तिनं पोळी वाढता वाढता विचारलं.

काकांनी मान वर केली नाही. त्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? चांगलं ठाऊक होतं. सोमवार जवळ आला होता, एवढंच.

चार महिन्यांनी त्याच टेकाडावर वाहनतळ मंजूर झाला. बाईंनी हरकत घेतली. तिथं एकावर एक तीन वस्त्या होत्या, हे दाखवायचं तर थरांप्रमाणे खापरं मांडायला हवीत. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्या जिन्याखाली आल्या. पोत्यात हात घातला, डबा उघडला, आणि खालच्या पायरीवर बसल्या.

"कोणी केलं हे?"

"मजुरांनी," काका म्हणाले. "मी रजेवर होतो."

"तरीच. तुम्ही असतात तर असं झालंच नसतं."

धरणीनं पोटात घ्यावं असं काकांना झालं. ते वाकून डब्याचं झाकण लावू लागले.

सुनावणीच्या वेळी काका बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडंच होतं. आत साहेब पुरावा मागत होते आणि बाई सांगत होत्या, "जीव लावून सांभाळणारा एकच माणूस होता हो आमच्याकडे. नेमका रजेवर गेला." काका अर्धवट उठले. गुडघ्यावर हात ठेवून तसेच थांबले, आणि पुन्हा बसले.

दहा मिनिटांत निकाल लागला. वाहनतळ होणार.

बाई बाहेर आल्या. काकांचा काळवंडलेला चेहरा बघून त्यांनाच धीर देत म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, काका. माणसानं रजा घ्यायचीच नाही की काय?"

काकांनी त्यांच्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि त्यांच्या मागोमाग मुकाट्यानं जिना उतरले.