शब्द जास्त असलेला कीबोर्ड

हसायचंच ठरवून बसला असाल तर ऐका, बंगळुरात मी अकलेचे दिवे कसे पाजळले ते.

माझी सून अश्विनी घरी बसून भाषांतराची कामं करते. पैसे शब्दांवर. जितके शब्द, तितके पैसे. आणि हे शब्द उमटणार कधी? तर बाळ झोपेल तेव्हा! त्यात बाळानं तिच्या कीबोर्डवर पेज सांडली. झालं! बाईसाहेब मोबाइलात डोकं घालून बसल्या. नवा कीबोर्ड तो महागडा मेकॅनिकल घ्यावा की नको, एवढे पैसे घालावेत का, लाल बरा की निळा. अहो, मी लग्नाचा शालू याहून लवकर निवडला होता!

शेवटी मीच म्हटलं, "मी आणते. माझ्या लोणच्याच्या पैशांतून."

"लालच आणा हं, आई. बटणांखाली लाल असतं तो."

"कळतात गं मला रंग!"

बनशंकरीतल्या दुकानदारानं दोन बंद खोके पुढ्यात ठेवले. त्याचं कन्नड सुरू झालं, माझंही झालं. इतकी वर्षं इथं भाजी घेतेय मी, घाबरते की काय?

"अक्का, केंपु, शब्द इल्ला. नीली, तुंबा शब्द."

केंपु म्हणजे लाल, इल्ला म्हणजे नाही, तुंबा म्हणजे खूप. आणि शब्द? तो तर आपला मराठीच! म्हणजे लालमध्ये शब्दच नाहीत आणि निळ्यात ठासून भरलेत. आणि आमची शिकलेली बाई लाल मागतेय! शब्दांवर पोट असून!

"अण्णा, नीली बेकु!" निळाच हवा.

तो चपापला. "मनेली मगु इदेया, अक्का?" घरात बाळ आहे का, म्हणे.

"आहे की! त्याच्या आईलाच हवाय. शब्द बेकु, तुंबा बेकु!"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाळण्याला ढोल बांधायला निघालेय.

घरी आले. बाळाचा नुकता डोळा लागलेला. अश्विनीनं खोका फोडला, कीबोर्ड जोडला, बटण दाबलं.

टक्क!

वाटलं, कुणी अडकित्त्यानं सुपारी फोडतंय. एक ओळ होईतो बाळानं भोकाड पसरलं.

"आई! निळा का आणलात?"

"अगं, लालमध्ये शब्दच नव्हते!"

ती फरशीवर बसून हसत सुटली. "अहो आई, कन्नडमध्ये शब्द म्हणजे आवाज!"

फोडलेला खोका दुकानदार परत घेईना. मग शिक्षा कुणाला? मलाच. रोज दुपारी बाळाला घेऊन खालच्या बागेत. तिकडे वर सून बडवतेय, टकाटक टकाटक.

थोड्या दिवसांनी म्हणते कशी, "आई, पैसे वसूल झाले हो! काम दुप्पट होतंय. घर किती शांत असतं!"

"एवढ्या टकटकीत शांत? हां, बाळ नसतं ना वर."

"बाळ?" ती म्हणाली. "बाळाचा कुठं त्रास होता, आई?"