आई चिनी लिहायला शिकली, त्याची गोष्ट

आई काल सकाळी गेली. बाबांचं काय झालं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

बासष्टच्या लढाईत बाबा मिसिंग झाले. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते.
पुढे चीनने कैदी सोडले. त्यात बाबा नव्हते.
पण त्यांच्या पलटणीतला एकजण कर्जतला आमच्या घरी येऊन सांगून गेला, "वैनी, मारुतीला जित्ता धरून नेताना बघितलाय म्या."

त्या एका वाक्यावर आई जगली.

नंतर आम्ही दोघी नगरला आलो. आई कपडे शिवायची. बांगलादेशची लढाई झाली आणि पेपरात रोज पाकिस्तानी युद्धकैद्यांच्या बातम्या यायला लागल्या. मी वाचून दाखवायचे.
"त्यांच्या मानसांची एवढी इचारपूस," आई म्हणाली. "आपल्या मानसाला कोन इचारतंय?"

त्याच सुमारास तिची दाढ दुखायला लागली. बाजारात एक चिनी दाताचे डॉक्टर होते. दाढ काढून झाली, तोंडात कापूस, आणि ही भिंतीवरच्या चिनी अक्षरांच्या कॅलेंडरकडे बोट दाखवतेय.
"ह्ये तुमाला लिव्हता येतं? मला एक पत्र लिव्हून द्या."

सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "मैं नहीं लिखेगा, बाई."

त्यांना बासष्टला सरकारने चिनी म्हणून आसामातून उचलून राजस्थानच्या छावणीत ठेवलं होतं. सुटले तेव्हा घर गेलेलं. नगरमध्येही त्यांना पोलीस ठाण्यात हजेरी लागायची. चीनला जाणाऱ्या पत्रावर त्यांचं अक्षर सापडलं असतं, तर पुन्हा छावणी.

आई उठलीच नाही खुर्चीतून.
शेवटी तेच म्हणाले, "आप सीखो. अपने हाथ से लिखो."

चौथी शिकलेली बाई. मराठीतली सही करायलाही तिला वेळ लागायचा.

दर रविवारी दुपारी आम्ही जायचो. पाटीवर डॉक्टर एक अक्षर काढायचे, रेघ रेघ दाखवून. कुठली आधी, कुठली नंतर. वरची आधी, खालची मागून. आडवी आधी, उभी मागून.
आईचा हात मराठी. तिला वरची रेघ शेवटी मारायची सवय. अक्षर हुबेहूब यायचं, पण डॉक्टर बघत असायचे. लगेच पाटी पुसायचे.
"दिसतंय तर तसंच की!" आई वैतागायची.
"अभी दिखता है. जल्दी लिखोगी तो टूटेगा. पढ़नेवाला समझेगा बच्चे ने लिखा. फेंक देगा."

फेंक देगा म्हटलं की ती पुन्हा पहिल्यापासून गिरवायची.

'परत येणे' या शब्दाचं अक्षर म्हणजे चौकटीत चौकट. तिने बाहेरची चौकट पूर्ण काढून टाकली. डॉक्टरांनी हात धरला. "पहले अंदर का. दरवाजा बाद में बंद."
आई त्या दिवशी पुढे काही लिहू शकली नाही.

मग नाव आलं. मारुती. त्यांच्या लिपीत ते नीट बसेना. मा-लु-ति असं काहीतरी झालं. त्यातला 'मा' म्हणजे घोडा.
"घोडा कशापायी? ह्ये त्यांचं नाव न्हाई."
"इससे ज्यादा नहीं होता, बाई."

दुष्काळाच्या साली धाकटे काका गावाकडून आले. पाटी बघून त्यांचा आवाज चढला. "ज्यांनी दादाला मारला, त्यांची अक्षरं गिरवता व्हय, वैनी?"
"मारला म्हन्ता. तुमी बघितलं का?"
काका जेवले नाहीत. पाटी मात्र तशीच राहिली.

शेवटी पत्र झालं. चारच ओळी. डॉक्टरांनी दोनदा वाचलं. "बराबर है. एकदम बराबर."

आईने विचारलं, "आता पत्ता सांगा."

डॉक्टर म्हणाले,

"बाई, मैं आसाम में पैदा हुआ. चीन मैंने कभी देखा नहीं. वहाँ मेरा कोई नहीं है. किसको भेजना, मुझे मालूम नहीं."

मला वाटलं, आई रडेल. तिने पत्राची घडी घातली, डॉक्टरांच्या पाया पडली आणि आम्ही निघालो.

पाकिटावर मी इंग्रजीत लिहिलं: चीन सरकार, पेकिंग. पोस्टातला माणूस एकदा पाकिटाकडे, एकदा आईकडे बघत राहिला.

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. पुढे डॉक्टर कलकत्त्याला निघून गेले. आईने पाटी पुन्हा हातात घेतली नाही.

काल तिला आंघोळ घालताना शेजारच्या वहिनींनी हळूच विचारलं, "ताई, हिरवी साडी नेसवायची का? मळवट भरायचा का?"

सवाष्ण म्हणू, की विधवा?

बायका थांबून राहिल्या. पाणी गार झालं.

शेवटी रोजचीच साडी नेसवली. कपाळ तसंच राहू दिलं.

सगळे म्हणताहेत, आता दोघांची भेट होईल.
मला नाही वाटत, आई.

पण तुझं वाट बघणं काल संपलं, एवढं खरं.
तुला माझा शेवटचा नमस्कार.