बॉम्बे रक्त आणि झिराडची आत्या

पनिनाआत्याला मुंबईची म्हटलेलं खपत नसे. ती अलिबागजवळच्या झिराडची. पण १९६३ साली इस्रायलला आगबोटीतून उतरल्यावर बंदरातल्या कारकुनाने आमच्या सगळ्यांच्या जन्मगावाच्या रकान्यात सरसकट 'बॉम्बे' लिहून टाकलं. बाकीच्यांनी सोडून दिलं. आत्याने आम्हाला वसवलेल्या येरुहाम गावाहून बसने बेरशेबाच्या कचेरीत सतरा खेपा घातल्या आणि ओळखपत्रावर 'झिराड' लिहवून घेतलं.

लग्न तिने केलं नाही. बाटल्यांच्या कारखान्यात उजेडासमोर बाटली धरून तडा शोधायचं काम ती करायची. घरी आल्यावर तडे आमच्यात शोधायची. माझे बाबा अबाजी हे तिचे धाकटे भाऊ. त्यांच्यावर तिचा भारी जीव, आणि तो ती त्यांना बोलून बोलून दाखवायची.

१९७१ साली कारखान्यात रक्तदानाची गाडी आली. आत्याने हात पुढे केला. महिन्याभराने पोस्टाने कार्ड आलं. त्यावर नाव, जन्मतारीख आणि तांबड्या शाईत एकच शब्द : 'बॉम्बे'. झालं! ती तडक रक्तपेढीतल्या गिदोन नावाच्या कारकुनापुढे जाऊन उभी राहिली. "परत मुंबई? मी झिराडची हाय, किती वेळा सांगू?" तिचं हिब्रू निम्मं मराठी, आणि गिदोन नोकरीवर नवा. त्यालाही ते जन्मगावच वाटलं असावं. रक्तगट कुठे दिसेना, म्हणून त्याने तपासणीच्या कागदावर पाहिलं. तिथे सुरुवातीला 'ओ' होतं. त्याने रक्तदात्यांच्या वहीतलं 'बॉम्बे' खोडलं, 'ओ' लिहिलं आणि नवं कार्ड करून दिलं. आत्याने ते पाकिटात जपून ठेवलं, आणि रुसून पुढची पाच वर्षं रक्त दिलं नाही.

१९७६च्या मार्चमध्ये बाबांच्या पोटातला अल्सर फुटला. सकाळी सातला आम्ही बेरशेबाच्या इस्पितळात पोचलो तेव्हा ते पांढरेफटक पडले होते. ऑपरेशन लगेच करायला हवं होतं, पण रक्ताशिवाय हात लावता येत नव्हता. त्यांचा गट ओ लागला, पण ओ गटाची जी पिशवी आणावी तिच्याशी त्यांचं रक्त जुळेना. काचेवर गुठळ्या होत. मी दंड पुढे केला. माझंही जुळलं नाही. पोटची पोर मी, आणि माझं रक्त बाबांना विष!

रक्तपेढीतल्या इलानाने भावंडांची चौकशी केली. आत्याने पाकिटातून कार्ड काढलं : ओ. इलानाने नकारार्थी मान हलवली आणि ती फोनकडे धावली. जाताना मला हिब्रूत म्हणाली, "बॉम्बे रक्त लागेल." मी आत्याला मराठीत सांगितलं, "मुंबईचं रक्त पाहिजे म्हणतात."

"मुंबईचं कशाला? अबाजी पण झिराडचाच हाय," आत्या म्हणाली. मी चिडून तोंड फिरवलं. त्या वेळी कसलं झिराड!

देशाच्या दक्षिणेतल्या रक्तदात्यांच्या वहीत असा एकही माणूस नव्हता. उत्तरेला हैफा शहरात एक होता, तो परदेशी गेलेला. अकरा वाजले. बाबांची नाडी लागेना. इलाना बाकावर येऊन बसली आणि आम्हाला नीट समजावू लागली. मी आत्यासाठी मराठीत सांगत होते. रक्ताच्या तांबड्या पेशीवर साखरांच्या साखळ्या असतात. टोकाला कुठली साखर, त्यावरून ए किंवा बी. ओला ती टोकाची साखर नसते, पण तिच्या खालची असते.

"साखर? अबाजीला डायबिटीस नाय," आत्या म्हणाली.

"ती साखर नाही, आत्या. बाबांना ती खालचीसुद्धा नाही. म्हणून ओ रक्तही त्यांच्या अंगाला परकं वाटतं. हा गट पहिल्यांदा मुंबईत सापडला, म्हणून त्याचं नावच बॉम्बे."

आत्याने हातातलं कार्ड पुन्हा पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "गटाचं नाव? गावाचं नव्हं?" आणि लगेच उठून तिने इलानाचा हात धरला. "माझ्या कार्डावर व्हतं ते. मीच खोडायला लावलं."

इलानाने तिथल्या तिथे तिचं रक्त घेतलं. एका काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क त्यात घातला. तो अर्क त्या खालच्या साखरेला चिकटतो. साध्या ओच्या थेंबात गुठळ्या झाल्या. आत्याचा थेंब बाबांच्या थेंबासारखाच पातळ राहिला. मग दोघांचं रक्त जुळवून पाहिलं. जुळलं. आत्या म्हणाली, दोन पिशव्या घ्या. डॉक्टरांनी एकच घेतली आणि तेवढ्यावर पोट उघडलं.

मी आत्याशी एक शब्द बोलले नाही. तिच्या त्या खोडाखोडीपायी सकाळचे चार तास फुकट गेले होते! बाबा गेले असते तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं, आणि वाचले तर त्यांना पहिलं हेच सांगायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी डोळे उघडले. रक्त कुणी दिलं, म्हणून विचारलं.

"आत्याने," मी म्हटलं, आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं.

"आणि चार तास मीच घालवले तुझे," आत्याच म्हणाली. "माझ्या झिराडपायी. मरत व्हतास तू, अबाजी." आणि ती ढसाढसा रडू लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

कालपासून मी जे घोकत होते ते सगळं तिनेच बोलून टाकलं. मी तिच्यासाठी चहा आणायला खाली गेले.